शुभेच्छापत्रे घरची घरी

हैदराबाद शहराच्या जुन्या भागात, चारमिनारपासून पायी जाण्याच्या अंतरावर, छत्ता बाजार नावाचा एक गजबजलेला भाग आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सभेची निमंत्रणे, असे जे जे छापून घ्यावयाचे ते तेथे छापून मिळते. दुकानांच्या दर्शनी भागी पत्रिकांचे नमुने मांडलेले असतात. कोणी मुलीच्या लग्नाची पत्रिका उर्दूत मागतो, कोणी तेलुगूत, कोणी इंग्रजीत. ही छपाई आज संगणकावर जुळवून होते. परंतु एके काळी या बाजाराची कीर्ती यंत्रांमुळे नव्हती, ती कातिबांमुळे होती.

कातिब म्हणजे सुंदर अक्षर लिहून देणारा लेखनिक. उर्दूचे नस्तालीक वळण असे आहे की, प्रत्येक शब्द वरून खाली उतरत येतो, एक अक्षर दुसऱ्याच्या खांद्यावर बसते. त्यामुळे शिशाच्या खिळ्यांनी ते नीट जुळविता येत नसे. म्हणून उर्दू वर्तमानपत्रेसुद्धा हाताने लिहून मग छापली जात. कातिबाने चरबीयुक्त शाईने खास तयार केलेल्या कागदावर लिहावयाचे, तो कागद दगडावर दाबून अक्षरे उलटी उमटवून घ्यावयाची आणि त्या दगडावरून पुन्हा सुलटी छापून काढावयाची. आपल्याकडील जुनी मराठी पुस्तकेही अशीच निघत. त्यांना आपण शिळाछाप म्हणतो. १९९४ साली ‘इनपेज’ नावाची संगणकप्रणाली आली, तिने नस्तालीक अक्षर यंत्रात बसविले, आणि कातिबाच्या हातचे काम थोड्याच वर्षांत गेले.

हा इतिहास येथे सांगावयाचे कारण असे की, अशा कारागिराला अक्षराच्या आधी दोन गोष्टी शिकाव्या लागत : शाई कशी वागते आणि कागद कसा वागतो. नाताळ जवळ येऊ लागला की, घरी शुभेच्छापत्रे करावयास बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना नेमक्या याच दोन गोष्टी कोणी सांगत नाही. त्यांना सांगतात, ‘चित्र सुंदर काढ.’ मग ज्याला चित्र येत नाही तो गप्प बसतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी तर आधीच दूर बसलेली असतात. वास्तविक ठशाने केलेल्या पत्रासाठी चित्रकला लागतच नाही. एक भेंडी, एक खोडरबर, थोडी शाई आणि शाई न पसरणारा कागद एवढे असले की घरातील कोणीही, अगदी ज्याला सहीसुद्धा करता येत नाही असा माणूसही, आपल्या हाताने शुभेच्छा पाठवू शकतो. आजचे सदर त्यासाठी आहे.

छापील शुभेच्छापत्राची प्रथा फार जुनी नाही. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र पोचविण्याची सोय झाली आणि लोक भरमसाट पत्रे लिहू लागले. हेन्री कोल नावाच्या एका कामसू अधिकाऱ्याला नाताळात सगळ्यांना उत्तरे लिहिणे अशक्य होऊन बसले, तेव्हा त्याने १८४३ साली जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेऊन त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापविल्या. चित्रात एक कुटुंब मद्याचे पेले उंचावत होते, आणि त्यात लहान मूलही होते, म्हणून दारूबंदीवाल्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. म्हणजे पहिले नाताळपत्र जन्मले ते वेळ वाचविण्यासाठी, आणि आल्या आल्या वादात सापडले! आपल्या देशात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबाचा निरोपही टपालाने जाऊ लागला.

आज नाताळच्या सकाळी भ्रमणध्वनीवर एकाच गव्हाणीचे एकच चित्र सात ठिकाणांहून येते. पाठविणाऱ्यांचा भाव खोटा असतो असे मी म्हणणार नाही. परंतु ते चित्र कोणी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवीत नाही, हेही खरेच.

आता कामाला लागू. आरंभ कागदापासून करावयाचा, कारण दहांपैकी नऊ पत्रे कागदामुळे बिघडतात.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा नावाचे गाव लागते. हे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि या भागातील माणसांची शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी अशी सगळी ये-जा हैदराबादकडेच असे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीर येथे आले व स्थायिक झाले, असे सांगतात. चिंध्या कुटून लगदा करावयाचा, तो पाण्याच्या हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर उचलावयाचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवावयाचा, असे ते काम. पण खरी मख्खी पुढे आहे. वाळलेल्या तावाला खळ लावीत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटीत. म्हणून आपल्या भाषेत ‘घोटीव कागद’ हा शब्द आला. खळ लावून घोटलेल्या कागदात शाई शिरत नाही, ती वर राहते, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या दौलताबादी कागदावरील मोडी अक्षर आजही तीक्ष्ण दिसते.

आपण बाजारातून आणलेल्या कागदाची परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यावर शाईचा एक थेंब ठेवा. थेंबाच्या कडेने केसासारखे धागे फुटले तर तो कागद ठशाला निकामी. टीपकागदासारखा तो शाई पिऊन टाकतो. असे धागे बहुधा स्वस्त वहीच्या कागदाला आणि बिनखळीच्या हातकागदाला फुटतात. उलट टोक म्हणजे चकचकीत कागद. छत्ता बाजारासारख्या ठिकाणी पत्रिकांचे उरलेले सुंदर, तकतकीत तुकडे स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. परंतु शिक्क्याच्या गादीची साधी शाई वाऱ्याने वाळत नाही. तिच्यात ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा पदार्थ असतो, तिला कागदात मुरावे लागते. चकचकीत कागदावर मुरावयास जागा नाही, तेव्हा ती आठवडाभरानेही बोटाला लागते आणि पाकिटात जाऊन सगळीकडे फासली जाते. यास्तव कागद जाड, खरखरीत नसलेला आणि बिनचकाकीचा घ्यावा. शाळेतील चित्रकलेच्या वहीचा पांढरा जाड कागद बहुतेक कामाला पुरतो.

कागद शाई पीत असेल तर टाकू नका. एक चहाचा चमचा आरारूट किंवा मैदा पेलाभर थंड पाण्यात कालवा, ढवळीत ढवळीत शिजवा, पारदर्शक पातळ खळ झाली की गार करा आणि रुंद कुंचल्याने किंवा मऊ फडक्याने कागदाच्या दोन्ही बाजूंना एक हलका हात द्या. सावलीत दोरीवर वाळवा. वाळल्यावर कागद वाकडातिकडा होतो, तेव्हा रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा आणि सकाळी गुळगुळीत कवडीने किंवा स्टीलच्या वाटीच्या बुडाने एकाच दिशेने घोटा. दहा मिनिटांचे काम आहे. मुलांना ते फार आवडते.

कापडाचीही हीच कथा आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे मोठे बंदर मछलीपट्टण. त्याच्या परिसरात आणि शेजारच्या पेडणा गावात, आजच्या आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात, कलमकारीचे कापड अजूनही लाकडी ठशांनी छापले जाते. तेथे कापडाला आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवितात. दुधातील स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही, आणि हिरड्यातील तुरटपणाशी लोहाचे पाणी भेटले की काळा रंग जागच्या जागी पक्का होतो. ते लोहाचे पाणीही काही दुकानातून आणीत नाहीत. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस कुजत ठेवतात. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी याच न्यायाने करीत. कोणा हौशी मुलाने ती करून पाहिली तर उत्तमच, मात्र हिराकस बेताने घालावा. तो जास्त झाला की कालांतराने शाई कागदालाच खाते.

पेडण्याच्या ठशांतून आपल्याला आणखी एक गोष्ट घेता येते. तेथे एका फुलासाठी एकच ठसा नसतो. बाह्यरेषेचा एक सागवानी ठसा, पाकळीत भरावयाच्या तांबड्या रंगाचा दुसरा, पानाचा तिसरा. आणि हे सगळे एकावर एक अचूक बसवावयाचे. शिवाय ते लोक ठसा रंगात बुडवीत नाहीत. रंगाच्या पेटीत कापडाच्या घड्या भिजवून ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर ठसा हलकेच टेकवितात, म्हणजे उंच भागालाच रंग लागतो. घरी नवशिका नेमके उलटे करतो : बशीत रंग ओततो, बटाटा त्यात बुडवितो आणि कागदावर थबकन मारतो. मग कडेने रंगाचा ओघळ येतो आणि मधे पांढरे राहते.

तेव्हा गादी करा. जुन्या सुती धोतराचा तुकडा चार पदरी दुमडून बशीत ठेवा, पाणी शिंपडून घट्ट पिळून घ्या, त्यावर पोस्टर कलर दह्याइतका दाट करून चमच्याच्या पाठीने चोळा. प्रत्येक रंगाला वेगळी गादी. फाउंटन पेनची शाई वापरावयाची असेल तर ती पातळ असते, म्हणून फडके जवळजवळ कोरडे असावे. आणि ती पाण्याने धुऊन जाते हे लक्षात असावे, म्हणजे वर पाण्याचे रंग लावून ठसा वाहून गेल्यावर रडण्याची वेळ येणार नाही. ज्यावर नंतर रंग भरावयाचा आहे तो ठसा काजळीच्या काळ्या चित्रशाईने घ्यावा. ती एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही.

आता ठसे. बटाट्याची कीर्ती सर्वत्र आहे, पण माझे मत विचाराल तर भेंडी श्रेष्ठ. भेंडी आडवी कापली की आत पाच कप्पे दिसतात आणि कडेला पाच धारा, म्हणजे आयता तारा! बेथलेहेमचा तारा काढावयास दुसरे काय हवे? काही देशी वाणांना सात-आठ धारा असतात, त्यांचा तारा अधिक तेजस्वी दिसतो. जून, टणक भेंडी घ्यावी, कोवळी चेपते. कापल्यावर चीक सुटतो, तो फडक्याने टिपून अर्धा तास तशीच ठेवावी. बियांमुळे ठसा खाली-वर होत असेल तर त्या टाचणीने काढून टाकाव्यात. कारल्याच्या चकतीची नक्षी कातरलेल्या किनारीसारखी उमटते. कांद्याची वलये पत्राच्या कोपऱ्यात फार शोभतात. बटाटा घेतलाच तर तो कापून कापलेली बाजू खाली करून वर्तमानपत्रावर थोडा वेळ ठेवा. त्यातील पाणी निथळले नाही तर रंग धरत नाही. आणि आकार असा कोरा की नको असलेला भाग निदान पाव इंच खोल जाईल.

टिकाऊ ठसा हवा असेल तर खोडरबर किंवा जुन्या रबरी चपलेचा तळ कामाचा. चपलेच्या रबरातून घर, मेंढरू, मेणबत्ती असे ठोकळ आकार कापून ते लाकडी ठोकळ्याला चिकटवावे. बारीक रेघांना खोडरबर चांगले. पात्याने कोरताना हाताची बोटे नेहमी पात्याच्या मागे ठेवावीत. लहान मुलांनी कोरू नये, त्यांनी छापावे.

ठशात अक्षरे कोरणाऱ्यांची एक गंमत होते. ‘शुभ नाताळ’ असे सुबक कोरून कागदावर दाबले की सगळे उलटे येते. उपाय शिळाछापाचाच आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने सुलटे लिहा, तो कागद पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि वरून नखाने घासा. पेन्सिल रबरावर उलटी उमटते. त्याबरहुकूम कोरले की छाप सुलटा येतो. देवनागरीची शिरोरेषा येथे उपयोगी पडते : सगळी अक्षरे एका दांडीला टांगलेली असल्याने ओळ वाकडी जात नाही. काना आणि वेलांटी मात्र जाड ठेवा, नाहीतर दुसऱ्याच छापाला तुटतात.

रंगाच्या काही युक्त्या सांगतो. एकाच गादीवर पिवळा आणि तांबडा शेजारी शेजारी लावून मधली सीमा बोटाने पुसली तर एकाच ठशात पहाटेचे आकाश येते. जुन्या दातघासणीला रंग लावून कागदावर ठेवलेल्या नेच्याच्या पानावरून अंगठ्याने शिंतोडे उडविले की पान उचलल्यावर पांढरी आकृती राहते. पांढऱ्या मेणबत्तीने आधी तारे काढून वरून निळ्या पाण्याचा हात फिरविला तर मेण रंग धरीत नाही आणि रात्रीच्या आकाशात तारे उगवतात. मेणाने रंग अडविण्याची ही रीत आंध्रच्या कलमकारांनाही ठाऊक आहे, निळ्या रंगासाठी ते ती वापरीत आले.

पण मुलांना सर्वांत आनंद देणारी युक्ती स्वयंपाकघरातच आहे. हळद पाण्यात कालवून ते पाणी कागदावर फिरवा व वाळू द्या. मग धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून त्यात फडके भिजवा, त्या फडक्यावर भेंडी टेकवा आणि पिवळ्या कागदावर दाबा. पाण्यासारख्या दिसणाऱ्या ठशातून विटकरी तांबडा तारा उमटतो! हळदीला क्षार भेटला की ती तांबडी होते. कुंकू करण्याची जुनी रीत हळद आणि चुना यांचीच होती, आणि हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. लिंबाचा थेंब टाकला की तांबडे पुन्हा पिवळे. एक सावधगिरी : हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. असे पत्र पाठविण्याच्या आदल्या दिवशी करावे, आणि ज्याला मिळेल त्याने ते खिडकीत लावू नये. बिटाचा रसही असाच फसवा. आज गुलाबी, आठवड्याने मळकट तपकिरी. चमकीचा मात्र मला तिटकारा आहे. ती पत्राला चिकटत नाही, वाचणाऱ्याला चिकटते.

आता ज्या ठशासाठी ना भेंडी लागते ना पाते, त्याविषयी. तो ठसा प्रत्येकाच्या हाताला जन्मतःच असतो.

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! शाळेचे दार ज्यांना उघडलेच नाही अशा आपल्या आजीआजोबांनी जमिनीच्या कागदावर, कर्जाच्या रोख्यावर अंगठा उठविला. तो उठविताना मान खाली जात असे, कारण कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना तो उठवावा लागे. सरकारी कामात हाताचा ठसा घेण्याची सुरुवात बंगालमध्ये झाली. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या संपूर्ण तळहाताचा ठसा करारावर घेतला. हेतू एवढाच की, पुढे त्याने ‘हा करार माझा नव्हे’ म्हणू नये. म्हणजे हा ठसा जन्मला अविश्वासातून. आणि आज शिधावाटपाच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, तेव्हा ज्या म्हाताऱ्या माणसांनी जन्मभर माती उपसली, भांडी घासली, त्यांच्या अंगठ्यावरील रेषा झिजलेल्या असल्याने यंत्र त्यांना ओळखीत नाही. पुनःपुन्हा अंगठा पुसा, पुन्हा टेकवा, अशी त्यांची परीक्षा चालते.

तो अंगठा शुभेच्छापत्रावर घ्या. आजीला बोलवा. ‘मला काय येतंय त्यातलं?’ असे ती म्हणणारच. ‘आजी, तुम्ही नुसता अंगठा टेकवा, बाकीचं आम्ही करतो,’ असे नातीने म्हणावे. शिक्क्याच्या गादीवर अंगठा एकदाच हलका टेकवावा आणि कागदावर सरळ खाली दाबून सरळ वर उचलावा. पोलीस ठाण्यात फिरवितात तसा या कुशीवरून त्या कुशीवर फिरवू नये. जड हाताने दाबला की रेषा बुजून नुसता डाग उरतो. चांगला छाप बहुधा दुसरा किंवा तिसरा येतो, कारण पहिल्या वेळी शाई जास्त असते. त्यासाठी आधी रद्दी कागदावर एक-दोन छाप काढावेत. रेषा झिजलेल्या असतील तर शाई आणखी कमी घ्या, ठसा फिकट पण स्वच्छ येतो. गादीची शाई साबणाने दोन-तीन दिवसांत जाते. ती मतदानाच्या शाईसारखी नव्हे. त्या शाईत चांदीचा क्षार असतो, प्रकाशाने तो कातडीवर काळा पडतो. १९६२ च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या कारखान्यातून येते, आणि हैदराबादेतही अशी शाई करणारे आहेत. ती कोणी हौसेने लावून घेऊ नये!

उमटलेल्या अंगठ्याला बारीक पेनाने चोच आणि दोन पाय काढले की चिमणी होते. आडव्या ठशाला चार पाय आणि कान दिले की गव्हाणीजवळचे मेंढरू होते, आणि रेषांमुळे त्याची लोकर आयतीच दिसते. हिरव्या गादीने सगळ्या घराचे अंगठे घेतले तर नाताळचे झाड करता येते : तळाच्या ओळीत आजोबा, आजी, काका, काकू, वरच्या ओळीत आई, बाबा, मग भावंडे आणि टोकाला सर्वांत धाकट्याचे इवले बोट. प्रत्येक ठशाखाली पेन्सिलीने नाव लिहावे. शहरात नोकरीस गेलेला मुलगा ते झाड पाहताना एकेक अंगठा मोजील. आणि शिधादुकानातल्या यंत्राला जो ओळखता आला नाही, तो त्याला नाव न वाचताही ओळखता येईल, कारण त्याच अंगठ्याने त्याच्या कपाळाला बाम चोळलेला असतो.

ज्या घरी वडील माणूस नुकतेच निवर्तले आहे तेथून आलेले असे जुने पत्र काय मोलाचे ठरते, हे लिहून सांगावयास नको.

मुलाच्या हातचे चित्र किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून, म्हणजे युनिसेफकडून, मदत पोचत होती. तेथील एका खेड्यातील यित्का सामकोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून खांबाभोवती फेर धरणाऱ्या मुलांचे चित्र काढले. कागद मिळत नव्हता म्हणून तिने ते काचेवर रंगविले. १९४९ साली त्याच चित्राचे युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले, आणि त्यातून पुढे जगभर पत्रविक्रीने मुलांसाठी निधी उभारण्याची प्रथा पडली. आपल्याकडे मुंबईत १९७९ साली रिप्पन कपूर यांनी सहा मित्रांसह पन्नास रुपयांवर ‘क्राय’ ही मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू केली, तिचाही आरंभीचा मोठा आधार शुभेच्छापत्रांची विक्री हाच होता. आपल्या गावातील युवक मंडळाला किंवा महिला मंडळाला गरजू मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी चार पैसे उभे करावयाचे असतील तर घरोघरी दहा-दहा पत्रे करून प्रार्थनेनंतर मंदिराच्या आवारात मांडण्यास हरकत नसावी. मात्र ती विकत घेण्यासारखी असावीत. दया म्हणून घेतलेले पत्र कोणी टपालात टाकीत नाही.

घडीविषयी थोडेसे. कागद दुमडण्यापूर्वी घडीच्या रेषेवर पट्टी धरून बोथट सुईने किंवा रिकाम्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी, मग घडी फाटत नाही. छापण्याचे काम घडी घालण्यापूर्वी, कागद सपाट असतानाच करावे. खाली दोन-तीन वर्तमानपत्रांची मऊ बैठक असावी, टणक फरशीवर ठसा अर्धवट उमटतो. आत काय लिहावे? छापील पत्रात असते ते लिहू नये. गाईला कालवड झाली, विहिरीला पाणी किती आहे, धाकटी आता ‘शिशूच्या गाण्या’त उभी राहणार आहे, हे लिहावे.

पूर्ण झालेली पत्रे रात्रभर उघडी वाळू द्यावीत आणि पाकिटात घालताना मधे एक कोरा कागद ठेवावा. मणी, टिकल्या, कवड्या चिकटविलेले पत्र टपालात चिरडते आणि शेजारच्या पत्रालाही भोक पाडते, म्हणून पत्र सपाट असावे. पत्त्यात पिनकोड लिहावयास विसरू नये. तो आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, आणि हैदराबाद शहराचा आरंभ ५०० या अंकांनी होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पेटीत टाकले तर नाताळच्या आत खात्रीने पोचेल. रंग लागलेली भेंडी आणि बटाटे गुरांपुढे टाकू नका, मातीत पुरा. खोडरबराचे ठसे ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि पीठ लावून डबीत ठेवा, म्हणजे पुढील वर्षी ते एकमेकांना चिकटलेले सापडणार नाहीत.